आठवीच्या वर्गातच दहावीनंतरचं बोलायला हवं

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे ई-सेवा केंद्रासमोरची गर्दी आठवडाभर हटत नाही. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला आरक्षणासाठी घर उत्पन्नमर्यादेत असल्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला, कुणाचं आधार कार्डावर एक नाव असतं आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरंच. मधूनच सर्व्हर बंद पडतो. नेमके तेच दिवस पेरणीचे, त्यामुळे मुलाबरोबर एक दिवस आलेले वडील दुसऱ्या दिवशी येऊ शकत नाहीत. या गर्दीत ८५-९० टक्के मिळवलेली मुलंही असतात. त्यांतल्या काहींची हवी ती जागा हुकते आणि त्याचा गुणांशी काही संबंध नसतो. एखादा कागद वेळेत हाती आलेला नसतो, किंवा अर्जाची मुदत कधी संपली हेच कळलेलं नसतं.

गावातल्या मुलांनी शिकावं म्हणून गुणगौरव सोहळे होतात, पाहुणे येतात, जिद्दीच्या गोष्टी सांगतात. मुलांना ते आवडतंही. पण सोहळ्याहून घरी परतलेल्या मुलीला पुढे काय काय शिकता येतं हे माहीत नसतं, त्यासाठी कोणते कागद लागतात हे माहीत नसतं, आणि राहण्या-खाण्याचा खर्च कुठून यायचा हेही माहीत नसतं. शहरातल्या मुलीला याची उत्तरं बऱ्याचदा घरातच मिळतात. काकू बँकेत असते, शेजारचा दादा इंजिनिअरिंगला असतो. आमच्याकडे कित्येक घरांत दहावी पार करणारी ती पहिलीच असते. म्हणून ही उत्तरं शाळेने द्यायची, आणि निकालानंतर घाईघाईत द्यायची नाहीत, आठवीपासून द्यायची. कशी, ते इथे जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगते.

महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत, स्वतःची कामं स्वतः करत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असं नामकरण झालं. खेड्यातल्या मुलाला शिकायचं आहे, हे कर्मवीरांनी धरूनच चाललं होतं. अडत होतं ते राहण्याचं आणि खाण्याचं, म्हणून आधी तेच सोडवलं. काम करत शिकायची 'कमवा आणि शिका' योजना त्यातूनच उभी राहिली. आज अडणाऱ्या गोष्टी थोड्या वेगळ्या आहेत, पण मूल नेमकं कुठे अडलंय ते बघायचं आणि तेवढं मोकळं करायचं, हे आजही तसंच लागू आहे.

आठवीत काय होतं

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वयाच्या मुलांना मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो, म्हणजे ढोबळमानाने आठवीपर्यंत. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा जास्तीत जास्त सातवी-आठवीपर्यंतच असतात. नववीला दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जावं लागतं, एसटीचा प्रवास सुरू होतो, वह्या-गाइडचा खर्च वाढतो. घरात 'आता पुरे' हा विषय पहिल्यांदा निघतो तो इथे, आणि मुलीच्या बाबतीत जास्त लवकर निघतो.

नेमक्या याच वळणावर केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे, 'नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप', थोडक्यात एनएमएमएस. शिक्षकांच्या बोलण्यात हेच नाव असतं, म्हणून मीही तेच वापरते. आठवीत असताना परीक्षा द्यायची आणि निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० झाले. शेतमजुराच्या घरात 'आता पुरे' म्हणण्याआधी या रकमेचा विचार नक्की होतो.

अटी अशा. मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकणारं हवं. विनाअनुदानित खासगी शाळा, नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि सरकारी निवासी शाळा यांतल्या मुलांना ती नाही. पालकांचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. सातवीला किमान ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना यात ५ टक्के सवलत आहे. अर्ज शाळेमार्फत जातो, मुलाने एकट्याने काही करायचं नसतं. म्हणजे मुख्याध्यापकांनी आणि वर्गशिक्षकांनी मनावर घेतलं तर अख्खा वर्ग बसू शकतो, आणि नाही घेतलं तर कुणीच नाही.

परीक्षेत दोन पेपर असतात, प्रत्येकी ९० प्रश्नांचे आणि ९० मिनिटांचे. एक बौद्धिक क्षमता चाचणी, म्हणजे मालिका पूर्ण करा, विसंगत घटक ओळखा, आरशातली आकृती ओळखा, असले प्रश्न. दुसरी शालेय क्षमता चाचणी, त्यात विज्ञानाचे ३५, समाजशास्त्राचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न. मुलं घाबरतात पहिल्या पेपरला, कारण तो कुठल्याच पुस्तकात 'धडा' म्हणून नसतो. पण सरावाने सगळ्यात लवकर गुण वाढतात तेही त्याच पेपरात. रोज परिपाठानंतर वीस मिनिटं फळ्यावर पाच प्रश्न सोडवले तरी दिवाळीपर्यंत वर्गाला त्याची चाल कळते. यासाठी क्लास लावायची गरज नाही, हे पालकांना आवर्जून सांगावं लागतं.

आता खरी गळती कुठे होते ते सांगते. निवड झाली, पेपरात नाव आलं, पेढे वाटले, आणि पैसे आले नाहीत. का? तर निवडीनंतर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते आणि पुढे दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं. नववीत मूल दुसऱ्या शाळेत गेलं की जुनी शाळा म्हणते आता ते आमचं नाही, आणि नव्या शाळेला याची निवड झालीये हेच माहीत नसतं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा आजीबरोबरच्या जुन्या संयुक्त खात्याचा नंबर दिलेला असतो. शिवाय दहावीला ६० टक्के पडले नाहीत तर अकरावी-बारावीचे पैसे थांबतात (अनुसूचित जाती-जमातीसाठी ही अट ५५ टक्क्यांची आहे), हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. हे सगळं एका कागदावर लिहून पालकाच्या हातात द्यावं, तोंडी सांगितलेलं राहत नाही.

या परीक्षेत पात्र ठरूनही शिष्यवृत्तीच्या यादीत न आलेल्या मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांना राज्य सरकारच्या सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ९,६०० रुपये. यादीत नाव नाही म्हणून निराश होऊन घरी बसलेल्या किती जणांना ती माहीत असते, हा प्रश्न आपापल्या शाळेत विचारून पाहावा.

कागद

हा भाग रूक्ष आहे, पण इथेच मुलं सगळ्यात जास्त अडतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

पहिली गोष्ट नावाची. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव, आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे 'रामदास' आणि दुसरीकडे 'रामा' असेल तर दुरुस्ती दहावीचा फॉर्म भरायच्या आधीच करून घ्यावी. फॉर्म भरल्यानंतर बोर्डाकडून प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची यादी, तपासायला येते, ती मुलाला आणि पालकाला दाखवून सही घ्यावी. एकदा गुणपत्रिकेवर चुकीचं नाव छापून आलं की पुढचे हेलपाटे फार.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची, आणि त्याहून अवघड म्हणजे जात वैधता प्रमाणपत्राची, ज्याला सगळे 'व्हॅलिडिटी' म्हणतात. दोन्हींत फरक काय? जातीचा दाखला प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो. वैधता म्हणजे तो दाखला खरा आहे याची जात पडताळणी समितीने पुरावे तपासून दिलेली खात्री. बारावीनंतर इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी यांसारख्या अभ्यासक्रमांत राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर नुसता दाखला पुरत नाही, वैधता लागते.

पुरावा कशाचा? त्या त्या प्रवर्गासाठी एक ठरलेली तारीख आहे आणि तिच्या आधीपासून कुटुंबाची जात आणि महाराष्ट्रातलं वास्तव्य दाखवणारी नोंद द्यावी लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. म्हणजे आज अकरावीत असलेल्या मुलीला तिच्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या काळातला कागद शोधायचा असतो. आणि तो वडिलांकडच्या नात्यातला लागतो: वडील, चुलते, आत्या, आजोबा, चुलत आजोबा. आईकडचा चालत नाही.

आता ज्या घरात आजोबा शाळेतच गेले नाहीत, तिथे काय करायचं? आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरी असंच झालं होतं. अकरावी सायन्सची मुलगी, ओबीसी. वडिलांनी पत्र्याची पेटी आणून माझ्यासमोर ओतली. रेशनकार्डं, सोसायटीच्या पावत्या, सातबारे, लग्नपत्रिका, सगळं होतं, पण १९६७ च्या आधीचा जातीची नोंद असलेला एकही कागद नव्हता. बोलता बोलता आजी म्हणाली, थोरले भावजी दुसरीपर्यंत शेजारच्या गावी शाळेत जायचे. थोरले म्हणजे मुलीचे चुलत आजोबा. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत गेलो. तिथल्या सरांनी कपाटाच्या तळातून जिल्हा परिषदेच्या आधीच्या लोकल बोर्डाच्या वेळचं रजिस्टर काढलं, पानं कडेने तुटलेली, शाई तपकिरी झालेली. १९५४ सालच्या पानावर नाव सापडलं, वडिलांच्या नावासकट, आणि जातीच्या रकान्यात स्पष्ट नोंद. सरांनी त्याचा निर्गम उतारा, म्हणजे त्या नोंदीची प्रमाणित प्रत, दिली. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करून ते चुलत आजोबा आणि ही मुलगी यांचं नातं जोडलं आणि अर्ज समितीकडे गेला. एवढा शोध जूनमध्ये प्रवेशाच्या धावपळीत झालाच नसता. ती अकरावीत होती म्हणून उन्हाळा हातात होता.

शाळेत नोंद नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, जिला कोतवाल बुकही म्हणतात, ती पाहावी. जुन्या नोंदी मोडी लिपीत असू शकतात, मग अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. आणि हे सगळं करायच्या आधी भाऊबंदांत चौकशी करावी. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाला आधीच वैधता मिळाली असेल तर त्यांच्या प्रमाणपत्राची प्रत हा सगळ्यात भक्कम आधार ठरतो. भावकीतलं जुनं भांडण आड येतं, हे खरं आहे. मी तरी अशा वेळी थेट त्या घरी जाऊन विनंती करते. पोरीच्या शिक्षणाचं म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

बाकीचे कागद तुलनेने सोपे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. नॉन-क्रिमीलेअर हे ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) यांना लागतं आणि त्याची मुदत संपलेली नसावी. प्रवेशाच्या वर्षातल्या पुढच्या ३१ मार्चपर्यंत ते चालणारं हवं. वय-अधिवासाचा दाखला एकदा काढला की झालं. हे सगळे दिवाळीच्या सुट्टीत काढावेत, तेव्हा केंद्रावर गर्दी नसते.

दहावीनंतर कुठे

गावात समज असा की हुशार मूल सायन्सला जातं, मधलं कॉमर्सला आणि उरलेलं आर्ट्सला, आणि ज्याला काहीच नाही ते आयटीआयला. या समजापायी फार नुकसान झालंय. ७० टक्क्यांची मुलं प्रतिष्ठेपायी सायन्स घेतात, गणिताचा पाया कच्चा असतो, जवळच्या कॉलेजात प्रयोगशाळा नावाला असते, आणि बारावीला कशीबशी पास होऊन बीएस्सीला किंवा घरी बसतात. यांतल्या अनेकांना वेगळी वाट होती, ती दिसली नाही.

आयटीआयला प्रवेश दहावीच्या गुणांवर, राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होतो. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा म्हणजे संगणकाचा ट्रेड, हे एका वर्षाचे. सरकारी आयटीआयची फी खासगीच्या मानाने फारच कमी असते. नंतर कंपनीत किंवा सरकारी महामंडळात अप्रेंटिसशिप करता येते आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. एसटीच्या डेपोत, रेल्वेत, महावितरणमध्ये शिकाऊ उमेदवार घेतात. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदासाठी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेडच लागतो, तिथे बीए-बीकॉम चालत नाही.

दुसरी वाट पॉलिटेक्निकची. तीन वर्षांचा डिप्लोमा, प्रवेश दहावीच्या गुणांवर, कसलीही सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, नाही. आणि पालकांना सगळ्यात कमी माहीत असलेली गोष्ट ही की या वाटा एकमेकींना जिन्यासारख्या जोडलेल्या आहेत. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तोही डिप्लोमाच्या गुणांवर, सीईटी न देता. दहावीला ६५ टक्के मिळालेला फिटर पुढे इंजिनिअर होऊ शकतो. वर्षं थोडी जास्त लागतात, पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर हाताला काम असतं. ज्या घरात वडिलांची तब्येत किंवा पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही, तिथे हे फार महत्त्वाचं आहे. मध्ये थांबावं लागलं तरी हातात काहीतरी राहतं.

तिसरी वाट अकरावी-बारावीची. २०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे, त्यामुळे तालुक्याच्या कॉलेजात जायचं असलं तरी पोर्टलवर पसंतीक्रम भरावा लागतो. जाण्या-येण्याची सोय नसलेलं कॉलेज यादीत वर टाकू नये. सायन्स घेणार असाल तर पहिल्याच दिवशी विचारा, नंतर कुठली परीक्षा द्यायची आहे? इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी यांसाठी एमएचटी-सीईटी आणि एमबीबीएससारख्या वैद्यकीय अभ्यासक्रमांसाठी नीट. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. अकरावी 'विश्रांतीचं वर्ष' म्हणून घालवणाऱ्यांचे पहिले २० टक्के तिथेच धोक्यात येतात, आणि बारावीचं गणितही अकरावीशिवाय कळत नाही, तो तोटा वेगळा.

लातूरला किंवा आणखी कुठे क्लासला ठेवायचं म्हणून कर्ज काढणाऱ्या पालकांना माझं एकच सांगणं असतं. आधी दहावीच्या सुट्टीत मुलाला मागच्या वर्षाचा एक पेपर समोर ठेवून दोन तास बसवा. त्याला गोडी वाटते का, तो दुसऱ्या दिवशी आपणहून बसतो का, ते बघा. लाखाचा निर्णय आहे, दोन दिवस बघून घ्यायला हरकत नाही.

पैसा आणि मुक्काम

राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या महाडीबीटी पोर्टलवरून मिळतात आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, विमुक्त-भटके यांच्या योजना आहेतच. खुल्या प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, आणि वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची निर्वाह भत्ता योजना आहे.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला. ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, आधी ते निम्मं होतं. अट एवढी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांतही नाही. 'कॅपमध्ये लांबचं कॉलेज मिळालं म्हणून मॅनेजमेंटमधून जवळचं घेतलं' हे वाक्य मी ऐकलेलं आहे. त्या एका निर्णयाने चार वर्षांची फीमाफी गेली.

फी माफ झाली तरी राहायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. सरकारी वसतिगृहात आधी अर्ज करायचा. तिथे जागा मिळाली नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर कारखान्यावर जाऊन मार्च-एप्रिलला परतणारी मुलगी त्या वर्षी शाळेतून जवळजवळ गेलेलीच असते, त्यामुळे ऊसतोडीची टोळी निघायच्या आधी, ऑक्टोबरमध्येच तिच्या घरी जाऊन वसतिगृहाचं बोलावं लागतं.

काम डोळ्यांनी बघणं

मुलांना 'काय व्हायचंय?' विचारलं की पोलीस, शिक्षक, डॉक्टर, कलेक्टर एवढीच उत्तरं येतात. त्यात त्यांचा दोष नाही. गावातून दिसणाऱ्या आणि भाषणात येणाऱ्या नोकऱ्या तेवढ्याच. पण पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करत शिकण्यासाठी. तिथून तयार झालेला 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय अनेक ग्रामीण शाळांत शिकवला जातो. मुलं वेल्डिंग करतात, घराचं वायरिंग करतात, माती तपासतात, रक्तगट ओळखायला शिकतात, रोपवाटिका लावतात. शिकवायला गावातलेच कारागीर असतात आणि बनवलेली वस्तू, केलेलं काम गावात खरोखर वापरलं जातं. सहामाहीत गणितात जेमतेम पास होणारा मुलगा लोखंडी अँगलचा कोन मोजताना चुकत नाही, हे पाहिलं की त्या मुलाबद्दलचं शिक्षकाचं मतही बदलतं.

नवीन शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविरहित दिवस सांगितले आहेत. ते प्राणिसंग्रहालयाच्या सहलीत घालवू नयेत. दूध संकलन केंद्रावर न्या. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मशीनवर कसं दिसतं, दर त्यावरून का ठरतो, हे मशीन दुरुस्त कोण करतं, दुधाचे टँकर पुढे जातात तिथे तपासणी कोण करतं, हे मुलांना विचारू द्या. मग सांगा की बारावी सायन्सनंतर उदगीरला आणि पुसदजवळच्या वरुडला दुग्ध तंत्रज्ञान शिकवणारी महाविद्यालयं आहेत. ज्या मुलीने रोज पहाटे किटली घेऊन त्या केंद्रावर दूध घातलंय, तिला हा अभ्यासक्रम परका वाटत नाही. तसंच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनकडे न्या, वीज उपकेंद्रातल्या वायरमनकडे न्या, आणि त्यांना दोनच प्रश्न विचारायला लावा: तुम्ही दहावीनंतर काय केलंत, आणि पहिला पगार मिळायला किती वर्षं लागली?

भरतीचंही मोकळेपणाने बोलायला हवं. पहाटे चारला रस्त्याने धावणारी पोरं आमच्या प्रत्येक गावात आहेत आणि त्यांच्या कष्टाबद्दल मला मनापासून आदर आहे. पोलीस भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची असते. मुलगे १६०० मीटर धावतात, मुली ८०० मीटर, पण यादीत नाव येतं ते बऱ्याचदा लेखीच्या जोरावर, आणि लेखीत गणित आणि बुद्धिमत्तेबरोबर सामान्य ज्ञान, चालू घडामोडी आणि मराठी व्याकरणही विचारतात. गणित-बुद्धिमत्तेत आठवीला एनएमएमएससाठी केलेला सराव कामी येतो. भरतीची तयारी जरूर करावी, पण त्याचबरोबर डिप्लोमा, आयटीआय किंवा मुक्त विद्यापीठातून पदवी चालू ठेवावी. जागा थोड्या आणि उमेदवार लाखांनी, म्हणून वयाची पंचविशी येईपर्यंत हातात दुसरं काहीच नाही अशी वेळ येऊ देऊ नये.

नापास झालेल्यांचं

निकालाच्या दिवशी सगळे पहिल्या आलेल्याच्या घरी जातात. नापास झालेल्याच्या घरी त्याच संध्याकाळी कुणीतरी जायला हवं, कारण त्याला पुढच्या काही दिवसांतच हालचाल करायची असते. मार्चची परीक्षा हुकली तरी त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात पुरवणी परीक्षा होते आणि तिचा फॉर्म निकालानंतर लगेच सुटतो. एक किंवा दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर, म्हणजे राहिलेले विषय नंतर सोडवायच्या सवलतीवर, अकरावीला प्रवेश मिळतो, वर्ष वाया जात नाही. वेल्डर, वायरमन, सुतारकाम यांसारख्या आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलंही घेतात.

आणि ज्यांनी शाळा कधीच सोडली त्यांच्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. पाचवी पास असलेलं आणि १४ वर्षं पूर्ण झालेलं कुणीही तो भरून बाहेरून दहावीला बसू शकतं. लग्न होऊन आलेली सून, हॉटेलात काम करणारा पोरगा, कारखान्यावरून परतून पुन्हा वर्गात न आलेली मुलगी, सगळ्यांना तो चालतो. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो आणि परीक्षेच्या कित्येक महिने आधी मुदत संपते, त्यामुळे शाळा सुरू झाल्यावर जून-जुलैतच अशा मुलांची नावं काढावीत. मुख्याध्यापकांकडे गळतीच्या नोंदी असतात, आशाताईंना घरोघरची माहिती असते, आणि वर्गातल्या मुलांना विचारलं तर ती पाच मिनिटांत नावं सांगतात.